घरची पहिली बिअर: चार टक्क्यांची इंग्लिश बिटर

घरी बिअर करायची हौस लागली की बहुतेक माणसं पहिल्यांदा आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, करायला जातात. माझा सल्ला वेगळा आहे. पहिली बिअर बिटर करा. तांबूस, चार टक्क्यांच्या आसपास, फेस बेताचा, इंग्लंडमधल्या कुठल्याही गावच्या पबात मिळते तशी. आयपीएमध्ये हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, मारा इतका असतो की त्याखाली काय बिघडलंय ते कळतच नाही. बिटरमध्ये लपायला जागा नाही. माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), हॉप्स, यीस्ट (आंबवणारं किण्व) आणि पाणी यांपैकी कुठेही काही चुकलं तरी पहिल्या घोटात समजतं. म्हणून शिकायला हीच बिअर बरी. आणि माझ्या मते प्यायलाही.

मी मूळची सांगलीची. बरीच वर्षं डर्बीत राहते आणि इथून गाडीत बसलं की थोड्याच वेळात बर्टन-अपॉन-ट्रेंट येतं. बिअरच्या इतिहासात त्या गावाइतकं वजन असलेली गावं थोडी. मला ब्रूइंग शिकवलं ते शेजारच्या आजोबांनी. ते रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेत आणि अजूनही कुंपणावरून ‘ए अप, मी डक’ अशी डर्बीशायरी हाक मारतात. त्यांच्याकडे शाळेच्या वह्यांची चळत आहे. प्रत्येक बिअरचं एक पान: तारीख, धान्याचं वजन, तापमान, चव. तुम्हीही भांडं घेण्याआधी वही घ्या.

कायद्याचं आधी सांगते. ब्रिटनमध्ये १९६३ पर्यंत घरी बिअर करायला परवाना लागायचा. त्या वर्षी अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली. आता घरच्यांसाठी हवी तेवढी करा, पण विकायची नाही. अमेरिकेत १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरच्या बिअरला केंद्राच्या करातून सूट मिळाली, पण तुमच्या राज्याचा नियम वेगळा पाहावा लागतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, मग ती दहा लिटर बिअर का असेना. तेव्हा पुण्या-मुंबईच्या वाचकांनी बनवायचा भाग फक्त माहिती म्हणून वाचावा. चाखायचा भाग मात्र त्यांनाही पुरेपूर लागू आहे. २००९ साली पुण्यात डुलाली ही स्वतःची बिअर बनवणारी जागा सुरू झाली, त्यानंतर तिथे जागेवर बनलेली ताजी बिअर मिळू लागली, आणि चांगली चव ओळखायला ताजी बिअरच लागते.

आधी प्यायला शिका

तीन बाटल्या आणा. एक बिटर: टिमथी टेलरची ‘लँडलॉर्ड’ किंवा फुलर्सची ‘लंडन प्राइड’. एक पोर्टर, म्हणजे काळसर, भाजक्या चवीची बिअर. आणि एक आयपीए. आमच्या डर्बीशायरमधल्या बेकवेलच्या थॉर्नब्रिजची ‘जयपूर’ ही ५.९ टक्क्यांची आयपीए २००५ पासून बनते, ती उत्तम. घरात कोणी सोबतीला असेल तर तिन्ही वाटून घ्या, एकट्याने तीन बाटल्या रिचवायची ही कामगिरी नाही. बिटर आधी, मग पोर्टर, आयपीए शेवटी. क्रम उलटला तर आयपीएच्या कडूपणापुढे बिटर पाणचट वाटेल आणि त्यात बिटरचा काही दोष नसेल.

फ्रिजमधून वीस-पंचवीस मिनिटं आधी काढा. बिटर बारा अंशांच्या आसपास प्यायची असते. बर्फगार बिअरला वास नसतो, आणि चवीचा मोठा हिस्सा वासातच असतो. वाइनचा ग्लास घ्या, अर्धाच भरा, हलवा आणि प्यायच्या आधी हुंगा. बिटरमध्ये मला मारी बिस्किट, पावाची भाजलेली कड, थोडी काकवी सापडते, वर संत्र्याच्या सालीचा आणि ओल्या गवताचा वास. तुम्हाला दुसरं काही सापडेल, ते लिहा. मग घोट घ्या, गिळा आणि थांबा. कडूपणा गिळल्यानंतर वाढत जातो. तो किती वेळ रेंगाळतो आणि जाताना घसा कोरडा करतो की गोडसर सोडतो, हे पाहायचं.

इंग्लंडात असाल तर बाटलीवर थांबू नका, पबात जाऊन पिंपातली बिअर घ्या. काउंटरवरचा लांब दांडा ओढून जी काढतात ती. तिच्यात यीस्ट जिवंत असतं, शेवटचं आंबणं पिंपातच होतं आणि वरून वायू भरलेला नसतो. ही बिअर टिकावी म्हणून १९७१ पासून कॅम्रा ही ग्राहकांची संघटना झगडते आहे. पिंप उघडल्यावर बिअर तीन-चार दिवसांत उतरायला लागते. म्हणून काउंटरवर विचारा, आज कोणतं पिंप नवीन लावलंय? चाखायला घोटभर मागायलाही लाजू नका, बहुतेक ठिकाणी आनंदाने देतात. शाकाहारी असाल तर आणखी एक प्रश्न विचारा: पिंपातली बिअर निवळायला बऱ्याचदा माशाच्या फुग्यापासून काढलेलं आयसिंग्लास घालतात. न घातलेली बिअर आता अनेक ठिकाणी मिळते, थोडी धूसर दिसते, चवीत काही कमी नसते. घरच्या बिअरमध्ये तर हा प्रश्नच येत नाही.

आणि हिशेब. अर्धा लिटर चार टक्क्यांची बिअर म्हणजे ब्रिटनच्या मोजणीत दोन युनिटं. आठवड्याला चौदाच्या वर जाऊ नये असा इथल्या आरोग्य खात्याचा सल्ला आहे. हलकी बिअर करायचं हेही एक कारण. ग्लास संपवल्यावर गाडी नको.

बर्टनचं पाणी

बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, भरपूर आहे. सल्फेटमुळे हॉप्सचा कडूपणा धारदार आणि कोरडा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात जाणारी फिकी बिअर प्रामुख्याने लंडनच्या हॉजसनच्या बो ब्रुअरीची असे. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं ती घेऊन केप ऑफ गुड होपला वळसा घालत मुंबई-कलकत्त्याला यायची, वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडत. १८२२ साली बर्टनच्या ऑलसॉपने त्या बाजारासाठी फिकी बिअर बनवली आणि बर्टनच्या पाण्यात ती लंडनपेक्षा सरस उतरली. साहेब लोक ही पेल एल प्यायचे, गोऱ्या शिपायांच्या वाट्याला बहुतेक काळी पोर्टर यायची. आजही बर्टनमध्ये ताज्या पिंपातली बास किंवा पेडिग्री ही तिथली बिअर घेतली की पहिल्या क्षणी गंधकाचा हलका वास येतो. त्याला इथे ‘बर्टन स्नॅच’ म्हणतात. तो दोष नव्हे.

तिथे बिअर आंबवायची एक खास पद्धतही होती, बर्टन युनियन: लाकडी पिंपांची रांग आणि त्यांच्यावर एक पन्हळ. फसफसणारं यीस्ट नळ्यांतून वर चढून पन्हळीत जमायचं आणि बिअर परत खाली यायची. कार्ल्सबर्ग मार्स्टन्स कंपनीने ती पद्धत २०२४ साली बंद केली तेव्हा मला फार वाईट वाटलं. त्यातला एक संच थॉर्नब्रिजने बेकवेलला नेऊन पुन्हा चालू केला, हे मी आल्या-गेल्या प्रत्येकाला सांगते.

तुमच्या नळाला बर्टनचं पाणी येणार नाही. त्याची काळजी पहिल्या खेपेला नको, मात्र एक गोष्ट टाळता येत नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन माल्टमधल्या फिनॉलांशी जुळलं की बिअरला दवाखान्याचा, चिकटपट्टीचा वास येतो, आणि तो पुढे कशानेही जात नाही. सोळा लिटर पाण्यात कॅम्पडेनच्या गोळीचा पाव तुकडा चुरून ढवळा, काही मिनिटांत काम होतं. पाणी मऊ असेल तर दोन-तीन ग्रॅम जिप्समही घाला. होमब्रूच्या दुकानात दोन्ही मिळतं.

काय काय लागतं

दहा लिटरची बिअर करू. वीस लिटर करायला मोठी शेगडी आणि मोठी कंबर लागते. दहा लिटर घरच्या गॅसवर होतात आणि जमली नाही तरी फार जीव तुटत नाही.

वीस लिटरचं स्टीलचं पातेलं. भारतीय दुकानात मिळणारं, लग्नकार्याला भाताला वापरतात ते चालतं. त्यात बसेल अशी बारीक जाळीची पॉलिएस्टरची पिशवी. झाकणाला भोक आणि एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, बाहेरची हवा आत न घेणारी नळी) असलेली पंधरा लिटरची अन्नासाठी चालणारी प्लॅस्टिकची बादली, म्हणजे फर्मेंटर, आणि बाटल्या भरायच्या दिवसासाठी तशीच दुसरी एक. पटकन तापमान सांगणारा थर्मामीटर, द्रवाची घनता (म्हणजे त्यातली साखर) मोजणारा हायड्रोमीटर, उपसायची नळी, ग्रॅमचा काटा. लावल्यावर पुन्हा धुवावं न लागणारं सॅनिटायझर, बाटलीवर लिहिलंय तितक्याच प्रमाणात पातळ करून. अर्ध्या लिटरच्या वीस तपकिरी बाटल्या, पत्र्याची बुचं आणि ती दाबायचं यंत्र. रिकाम्या बाटल्या ओळखीत मागितल्या की पुरेशा जमतात. हिरव्या आणि पांढऱ्या नकोत. उजेड लागला की हॉप्समधल्या कडू द्रव्यांपासून एक उग्र, कुबट वास तयार होतो आणि तपकिरी काच तो उजेड बराचसा अडवते.

आता जिन्नस:

मॅरिस ऑटर माल्ट, भरडलेलं – १ किलो ९०० ग्रॅम
मध्यम क्रिस्टल माल्ट, भरडलेलं – १५० ग्रॅम
ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स – ३५ ग्रॅम
फगल्स हॉप्स – १० ग्रॅम
सेफेल एस-०४ कोरडं यीस्ट – अर्धं पाकीट, साधारण ६ ग्रॅम
प्रोटाफ्लॉक – पाव गोळी (समुद्रशेवाळाची असते, बिअर निवळायला)
साखर – ४० ग्रॅम, बाटल्यांच्या दिवशी

मॅरिस ऑटर हे १९६० च्या दशकात केंब्रिजमध्ये तयार झालेलं बार्लीचं वाण. पीक कमी देतं, म्हणून शेतकऱ्यांनी सोडलं होतं. चवीसाठी ब्रुअर लोकांनीच ते टिकवून धरलं. दाणे हातात आल्यावर पाच-सहा चावून बघा, दोन्ही माल्टचे वेगवेगळे. हॉप्सची चिमूट तळहातावर चोळून हुंगा. पुढे ग्लासात काय शोधायचं ते इथेच कळतं.

चुलीवरचा दिवस

पाच तास मोकळे ठेवा. पातेल्यात साडेपंधरा-सोळा लिटर पाणी सत्तर अंशांपर्यंत तापवा आणि गॅस बंद करा. पिशवी आत बसवून कडा पातेल्याबाहेर दुमडा. आता माल्ट मूठ-मूठ सोडत दुसऱ्या हाताने ढवळा. गुठळ्या राहिल्या तर आतलं पीठ कोरडंच राहतं. सगळं पडल्यावर तापमान ६६-६७ वर आलं पाहिजे. सगळ्या दिवसात डोळ्यांत तेल घालून पाहायचा आकडा हाच. माल्टमधले दोन एन्झाइम पिठाची साखर करतात. एकाला पासष्टच्या खालचं तापमान मानवतं आणि तो यीस्टला सहज खाता येणारी साखर करतो, त्याने बिअर हलकी, कोरडी होते. दुसरा सत्तरच्या आसपास जोरात चालतो आणि यीस्टला न पचणाऱ्या शर्करा मागे ठेवतो, त्याने बिअरला अंग येतं. बिटरला दोन्ही हवं, म्हणून मधला आकडा. ६८ झालं तर चालेल. ७५ च्या वर गेलं तर मात्र दोन्ही मरतात आणि हाती पिठाचं पाणी उरतं.

झाकण लावा, पातेल्याला जुनी गोधडी गुंडाळा आणि तासभर सोडून द्या. अर्ध्या तासाने एकदा बघा. दोन अंश उतरलं असेल तर अगदी मंद आचेवर ढवळत चढवा. पिशवी तळाला चिकटून जळणार नाही याकडे लक्ष ठेवा. तासाभरात घरभर भाजलेल्या धान्याचा वास पसरतो आणि चमचाभर चाखलं तर स्वच्छ गोड लागतं. या गोड पाण्याला वॉर्ट म्हणतात. पिशवी उचला, पातेल्यावर चाळणी ठेवून तीत निथळू द्या, रबरी हातमोजे घालून नीट पिळा. चोथा फेकू नका, त्याचं पुढे सांगते.

आता मोठी आच. वॉर्ट उकळीला येताना फेसाचा डोंगर चढतो आणि हे एक-दोन मिनिटांत होतं. लहानपणी गुऱ्हाळात पाहिलेला, काहिलीवरून नजर न हटवणारा गुळव्या आठवा आणि तसेच उभे राहा. आच कमी करा, ढवळा, फेस आपोआप बसतो. फेस बसला की २० ग्रॅम गोल्डिंग्ज टाका आणि घड्याळ लावा: साठ मिनिटं, झाकण उघडं. झाकण ठेवलं तर उकडलेल्या मक्याचा वास देणारं गंधकाचं एक द्रव्य वाफेबरोबर जायच्या ऐवजी परत भांड्यात पडतं. शेवटची पंधरा मिनिटं उरली की १० ग्रॅम फगल्स आणि प्रोटाफ्लॉक. गॅस बंद केल्यावर उरलेले १५ ग्रॅम गोल्डिंग्ज. आधी टाकलेले हॉप्स कडूपणा देतात, त्यांचा वास उडून जातो. शेवटी टाकलेल्यांचा वास राहतो, कडूपणा फारसा उतरत नाही. एकच जिन्नस दोन वेळांना दोन कामं करतो, हे मला ब्रूइंगमधलं सगळ्यात सुंदर तत्त्व वाटतं.

आता पातेलं सिंकमधल्या गार पाण्यात ठेवा, पाणी बदलत राहा, बर्फ असेल तर बाहेरून लावा, आत नको. वीस अंशांपर्यंत उतरवायचं. इथून पुढे वॉर्टला लागणारी प्रत्येक वस्तू सॅनिटायझरमधून काढलेली असली पाहिजे: चमचा, नळी, बादली, झाकण, एअरलॉक, यीस्टचं पाकीट कापायची कात्रीसुद्धा. धुतलेलं आणि निर्जंतुक यात फरक आहे. घाणेरड्या बादलीवर सॅनिटायझर काम करत नाही, म्हणून आधी घासून धुवायचं, मग ते लावायचं. उकळीच्या आधी इतकं सोवळं लागत नाही. ते सगळं उकळीनंतर.

पातेल्यात साधारण अकरा लिटर उरतील. तळाचा गाळ मागे ठेवून दहा लिटर बादलीत उंचावरून ओता, भरपूर फेसाळू द्या. यीस्टला सुरुवातीला प्राणवायू लागतो. थोडं वॉर्ट बाजूला काढून हायड्रोमीटर सोडा: १.०४० च्या आसपास आकडा हवा. वहीत लिहा. यीस्ट वरून भुरभुरा, झाकण लावा.

यीस्टचे दोन आठवडे

पुढचे तीन दिवस बिअरची चव ठरवतात. आंबणारी बिअर स्वतः गरम होते, आजूबाजूच्या हवेपेक्षा दोन-चार अंशांनी जास्त. म्हणून खोलीचा नव्हे, बादलीचा आकडा पाहा. बादलीला बाहेरून चिकटवायची तापमानाची पट्टी मिळते. १८-१९ अंशांवर एस-०४ हलका फळांचा वास देतं, जो बिटरला शोभतो. पंचवीसच्या वर गेलं तर जड, डोकं धरणारे अल्कोहोल तयार होतात आणि घशाला जळजळ लागते. इंग्लंडात वर्षातले बरेच महिने जिन्याखालचं कपाट या कामाला अगदी योग्य असतं. उन्हाळ्यात बादली पाण्याच्या टबात ठेवून वर ओला टॉवेल गुंडाळा, टॉवेलची कड पाण्यात सोडा.

दुसऱ्या दिवशी एअरलॉक बुडबुडू लागेल आणि वर जाड तपकिरी फेस येईल. झाकण उघडू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी बुडबुडे मंदावले की बादली थोड्या उबदार जागी, वीस-एकवीस अंशांत सरकवा. यीस्टने आधी सोडलेलं डायअसिटाइल नावाचं, लोण्यासारखा वास देणारं द्रव्य ते स्वतःच परत खाऊन टाकतं, पण त्यासाठी त्याला ऊब आणि वेळ लागतो. लोक इथेच घाई करतात. बुडबुडे थांबले म्हणजे बिअर झाली असं नाही. दोन आठवडे राहू द्या, मग हायड्रोमीटरने मोजा, तीन दिवसांनी पुन्हा मोजा. दोन्ही वेळा आकडा तोच, साधारण १.०१० असेल, तरच पुढे जा.

टक्के काढायचे तर पहिल्या आकड्यातून दुसरा वजा करून १३१.२५ ने गुणा. १.०४० उणे १.०१० म्हणजे ०.०३०, गुणिले १३१.२५, उत्तर ३.९ च्या थोडं वर.

बाटल्या

इथे सुरक्षेचा प्रश्न आहे म्हणून नीट वाचा. आंबणं पुरं न होता बाटली भरली किंवा साखर जास्त पडली तर आत दाब वाढून काच फुटते, आणि ती जोराने फुटते. म्हणून आकडा दोनदा मोजायचा आणि साखर चमच्याने नव्हे, काट्यावर तोलायची. लिटरला चार ग्रॅम, दहा लिटरला चाळीस. याने बिटरला साजेसा बेताचा वायू भरतो.

साखर अर्धी वाटी पाण्यात उकळून गार करा आणि निर्जंतुक केलेल्या दुसऱ्या बादलीच्या तळाशी ओता. बिअर नळीने त्यावर सोडा, नळीचं टोक तळाला ठेवून, अजिबात न फेसाळता. यीस्ट टाकताना हवा हवी होती, आता तीच शत्रू आहे. हवा लागलेली बिअर महिनाभरात ओल्या पुठ्ठ्याची चव देते. बाटलीत वरून दोन बोटं जागा ठेवा, बुच दाबा, तारीख लिहा. वीस अंशांच्या आसपास दोन आठवडे, खोक्यात, अंधारात, उभ्या. मग थंड जागी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ही बिअर ऐन बहरात असते. बिटर मुरवत ठेवायची चीज नाही, ताजी प्यायची.

ओतताना ग्लास तिरपा, हात स्थिर, एका दमात. तळाशी यीस्टचा पातळ थर असतो, शेवटचं बोटभर बाटलीतच राहू द्या. ग्लासावर साबणाचा किंवा तेलाचा अंश असेल तर फेस लगेच मरतो, म्हणून बिअरचे ग्लास मी वेगळे धुते आणि पुसत नाही, उपडे वाळवते.

आता वही उघडा आणि पहिल्या दिवशी तीन ग्लास चाखले तसंच हिला चाखा, शेजारी दुकानातली बिटर ठेवून. लोण्याचा वास आला तर यीस्टला वेळ कमी पडला. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा आला तरी बहुधा तेच. आंबट झाली तर स्वच्छतेत कुठेतरी फट राहिली: नळीची आतली बाजू आणि बादलीची तोटी आधी तपासा, आणि ओरखडे पडलेली बादली बदला. पाणचट वाटली तर पुढच्या वेळी मॅशचं, म्हणजे माल्ट भिजवतानाचं, तापमान एक अंशाने वर.

सोबत काय खावं? खारे शेंगदाणे, चेडर, कांदाभजी, सुकं मटण बेताच्या तिखटाचं. तांबड्या रश्श्याबरोबर मात्र कडक आयपीए नको. कडूपणा, अल्कोहोल आणि वायू तिन्ही मिळून मिरचीची आग वाढवतात. रश्श्याला इंग्लंडची गडद ‘माइल्ड’ घ्या: साडेतीन टक्क्यांची, गोडसर, हॉप्स नावापुरते.

चोथ्याचं राहिलं. दोन किलो माल्टचा ओला चोथा चार किलोच्या आसपास भरतो आणि दिवसभरात आंबूस होतो, म्हणून त्याच दिवशी त्याचं काहीतरी करा. मी ओव्हनमध्ये शंभर अंशांवर ताटात पसरून, मधूनमधून हलवत पूर्ण कोरडा करते आणि मिक्सरमधून बारीक काढते. चार वाट्या भाजणीला एक वाटी हे पीठ, त्यात कांदा, कोथिंबीर, ओवा, तिखट-मीठ, थापताना नेहमीपेक्षा थोडं जास्त पाणी कारण टरफलं पाणी ओढतात. थालीपीठ खुसखुशीत होतं आणि भाजलेल्या धान्याची चव उतरते. माझी आई इथे आली की बिअरकडे बघतही नाही, पण जाताना या पिठाची पिशवी बॅगेत असतेच. गव्हाचं, बार्लीचं ग्लूटेन ज्यांना चालत नाही त्यांना हे देऊ नका. उरलेला चोथा कंपोस्टमध्ये. उकळलेले हॉप्स मात्र कुत्र्याच्या तोंडी लागणार नाहीत अशा जागी टाका. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात, ताप चढून जीव जाऊ शकतो.

दुसऱ्या खेपेला हीच कृती, हीच वजनं, हेच तापमान ठेवा आणि फक्त यीस्ट बदला. एस-०४ च्या जागी नॉटिंगहॅम घ्या: बिअर जास्त कोरडी, फळांचा वास कमी. पहिल्या खेपेच्या दोन बाटल्या त्यासाठी जपून ठेवा आणि दोन्ही शेजारी-शेजारी ओता. तिसऱ्या खेपेला यीस्ट जे आवडलं ते कायम ठेवून फगल्स काढा आणि त्या जागी चॅलेंजर घाला. पाण्यातल्या जिप्समला हात लावायचा तो त्यानंतर.